काळी स्क्रीन, अकरा हात

गाडी चालत होती. फक्त तिला काही सांगता येत नव्हतं.

देवकीने ती जव्हारच्या एसटी डेपोजवळ, आमच्या दुकानासमोर लावली तेव्हा चारही काचा खाली होत्या. ऊन आत्ताच चटके देत होतं. मागच्या सीटवर मोगऱ्याच्या चार टोपल्या होत्या, त्यांवर ओली फडकी. दार उघडलं आणि सगळ्या दुकानात वास भरला.

"वा!" यशवंतकाका म्हणाले. दुकान त्यांचं. रेडिओच्या काळापासून ते दुरुस्ती करतात. मी त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघते. "काय वास सुटलाय!"

"वास आला म्हंजे धंदा गेला, काका," देवकी म्हणाली.

तिचं खरं होतं. मोगरा कळी म्हणून विकतात. गजरेवाल्याच्या हातात पडेपर्यंत कळी मिटलेली हवी. वाटेत फुलली की ती फक्त देवाला वाहायची. आदल्या दिवशी देवकी नाशिकला पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त कळ्या फुलल्या होत्या. बाजारात कोणी हात लावला नाही. त्याच टोपल्या तिने परत आणल्या होत्या.

कारण एसी बंद होता. आणि एसी बंद होता कारण स्क्रीन काळी पडली होती.

हे जरा समजावून सांगते. या इलेक्ट्रिक गाडीत बटणं जवळजवळ नाहीतच. एसी, पंखा, आरसे, सगळं मधल्या मोठ्या स्क्रीनवर बोट लावून करायचं. त्या स्क्रीनच्या मागे एक कंप्युटर असतो. मोटार आणि ब्रेक सांभाळणारे कंप्युटर वेगळे, म्हणून स्क्रीन मेली तरी गाडी पळते. पण एसीला हुकूम द्यायला दुसरी वाटच ठेवलेली नाही. ज्याने कोणी ही गाडी काढली, त्याने वैशाखात मोखाड्याचा घाट बघितला नसावा.

गाडी सूर्यमाळच्या खालच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या बचत गटाची आहे. अकरा बायका. त्यांनी ती नाशिकच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली. गाडी शिकली एकटी देवकी. त्याआधी पाड्याच्या वळणावर एका व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा. तो टोपलीत हात घालायचा, "फुललंय, फुललंय" म्हणत निम्मा माल बाजूला काढायचा, आणि तो बाजूला काढलेला मालही घेऊन जायचा. बायका हंड्याने पाणी घालून झाडं जगवणार आणि हा बोटाने न्याय करणार. गाडी आली तसा टेम्पो थांबला.

"काल वळणावर भेटला," देवकी म्हणाली. "बोलतो, गाडी झोपली काय? मी हाये ना."

"तू काय म्हणालीस?"

"बोलले, तुमी बी झोपा."

पण ती हसली नाही. पाड्याची विहीर अजून फार तर तीन आठवडे टिकणार होती. विहीर आटली की मोगरा संपला. तोवर गाडी गार झाली नाही, तर माल टेम्पोतच चढवावा लागणार होता.

स्क्रीन एका दिवसात मेली नव्हती. दिवाळीपासून ती म्हातारी होत चालली होती. बोट लावलं की विचार करायची. मग आपोआप बंद होऊन चालू व्हायची. मग एक दिवस बंद झाली ती झालीच. ही लक्षणं मला ओळखीची होती. कंप्युटरमध्ये एक मेमरी चिप असते, नखाएवढी. तिच्यावर लिहिता येतं, पुसता येतं, पण ठरावीक वेळाच. पाटी घासून घासून गुळगुळीत होते आणि मग पेन्सिल उठत नाही, तसंच.

मी कंपनीच्या नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, ते स्क्रीन-कंप्युटरचं युनिट आता येत नाही. नवीन जनरेशन आलं."

"मग नवीन बसवा."

"तुमच्या गाडीला ते सपोर्टेड नाही."

"का? माप तेच आहे. कनेक्टर तेच आहेत."

"सिस्टीममध्ये दाखवत नाही, मॅडम."

"मग गाडीने काय करायचं?"

"एक्स्चेंजची स्कीम चालू आहे. गाडी कुठे चालते तुमची?"

"मोखाडा तालुक्यात."

"हं. मग रफ यूज असणार. आणि बघा, बाहेर कुठे उघडलंत, तर बॅटरीची वॉरंटी जाईल."

"स्क्रीन उघडली म्हणून बॅटरीची वॉरंटी?"

"पॉलिसी आहे."

"लेखी द्या."

"लेखी देता येत नाही, मॅडम."

जे लेखी देता येत नाही, ते मी धमकी समजते. हे घरीच शिकले. जामसरला आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. आई-वडील दोघंही मोर्च्यांतले. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'जाब विचारा' या शब्दांवर. त्यामुळे फोन ठेवल्या ठेवल्या मी कागद ओढला.

'चांगली गाडी भंगारात का?' असं पत्रक लिहिलं. कंपनीला मेल केलं. वर पन्नास प्रती काढून डेपोच्या भिंतीवर, बाजारात, दुकानाच्या शटरवर डकवल्या. त्यात एक वाक्य मी अधोरेखित केलं होतं: 'गाडीचा वापर तंतोतंत सूचनापुस्तिकेप्रमाणे झालेला आहे.'

काकांनी चष्मा पुसून ते वाचलं. "तंतोतंत कशावरून?"

"देवकी खोटं बोलेल का?"

"तू तिला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. पण खळ ओली होती आणि भिंत समोर होती.

गाडी उघडायची तर मालकांची परवानगी हवी. मी देवकीला म्हटलं, "तू सही कर, झालं." ती म्हणाली, "मी नाय करणार." मला वाटलं घाबरली. तसं नव्हतं. त्यांच्या पाड्यावर रिवाज आहे. सामाईक धान्याची कणगी उघडायची तर जेवढे वाटेकरी तेवढे हात तिला आधी लागले पाहिजेत. एकाचा हात राहिला तरी झाकण निघत नाही. गाडीही सामाईक. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकराच्या अकरा बायका जव्हारला उतरल्या.

दुकानात जागा नव्हती. पायरीवर, ओट्यावर, गाडीच्या सावलीत बसल्या. मी सगळं सांगितलं. युनिट बदलता येईल असं मला वाटतं, खात्री नाही. कंपनी म्हणते बॅटरीची वॉरंटी जाईल. मला ते पटत नाही, पण ते खरं करून दाखवायची ताकद त्यांच्याकडे आहे. उद्या बॅटरी बिघडली आणि कंपनीने हात वर केले, तर गाडी म्हणजे पत्र्याची खोली.

गटात सगळ्यांत थोरली चंदरीबाई. सगळे तिच्याकडे बघत होते.

"हे फोनवरचं माणूस," ती म्हणाली, "त्याचा वाटा हाये काय गाडीत?"

"नाही."

"टोपली उचलली काय कधी त्याने?"

"नाही, आजी."

"मग परवानगी त्याची कशाला? बिघडल तर आमचं बिघडल. टेम्पोवाला माल फेकायचा तवा कोणती वारंटी व्हती?"

"आजी, नीट विचार करा," काका मध्येच म्हणाले. "ही पोर तापट आहे. हिच्या भरवशावर..."

"तापट हाये तेच बरं," चंदरीबाई म्हणाली. "गार माणसं लय बघितली. गार एसी पायजे आमाला." बायका खळखळून हसल्या.

मग ती उठली आणि तिने काळ्या स्क्रीनवर पंजा ठेवला. एकामागून एक अकराही जणींनी ठेवला. काहींचे हात सकाळच्या तोडणीने हिरवे झालेले. स्क्रीनवर ते ठसे उमटले. कामाच्या पद्धतीप्रमाणे मी आधी स्क्रीन पुसायला हवी होती. नाही पुसली.

नवीन जनरेशनचं युनिट काकांनी नाशिकच्या एका भंगारवाल्याकडून मिळवलं. मागून ठोकर बसलेली गाडी, पुढचं सगळं शाबूत. काका ते गोधडीत गुंडाळून एसटीने घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही का?" काका म्हणाले, "एसीचं बटण." कंडक्टरने लगेजचं तिकीट लावलं.

मी आधी गाडीची छोटी बारा व्होल्टची बॅटरी सोडवली. नारंगी वायरींना मी हात लावत नाही. इलेक्ट्रिक गाडीत नारंगी रंग म्हणजे मोठ्या बॅटरीचा करंट, माणूस जागेवर जातो. स्क्रीन त्यांपासून लांब असते. फोनवर मला हेच म्हणायचं होतं.

युनिट काढणं अर्ध्या तासाचं काम. खरी अडचण पुढे होती. प्रत्येक कंप्युटरमध्ये त्याच्या गाडीची ओळख साठवलेली असते, गाडीचं आधार कार्ड म्हणा. ती ओळख जुळली नाही तर गाडीतले बाकीचे कंप्युटर नव्याशी बोलतच नाहीत. एसीसुद्धा नाही. आणि आमच्या गाडीची ओळख होती त्या झिजलेल्या चिपमध्ये. ती वाचता आली तर गाडी वाचली.

चिप गरम हवेने उपटली आणि रीडरवर ठेवली. वाचन सुरू झालं, थोडं पुढे गेलं, अडकलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा चिप दिसेनाशीच झाली. अकरा पंजे डोळ्यांसमोर आले.

"वेग किती ठेवलायस?" काकांनी विचारलं.

"नेहमीचा."

"थकलेल्याला पळवू नये. चालव."

मी वेग एकदम खाली आणला. एकेक तुकडा, अडला की थांब, पुन्हा विचार. वाचायला शिकणाऱ्या पोराचं बोट सरकावं तसं ते सरकत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचन संपलं. काही तुकडे कायमचे गेले होते, पण ओळख शाबूत होती. मी काकांना काही न सांगता बाहेर जाऊन दोन चहा सांगितले. त्यांना कळलं.

चहा पिता पिता मी चिपमधल्या बाकीच्या फायली उघडल्या. कशाने झिजली ते बघायचं होतं. कंपनीविरुद्ध पुरावा हवा होता, खरं तर.

पुरावा होता. कंप्युटर सतत कंपनीच्या सर्व्हरला हाका मारत होता आणि प्रत्येक हाकेची नोंद करत होता. 'सर्व्हर सापडला नाही. पुन्हा प्रयत्न.' काही सेकंदांनी पुन्हा तेच. पाड्यावर रेंज नाही. रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. गाडी काही टेकडीवर चढत नव्हती, जागेवरूनच हाका मारत होती. हजारो ओळी. रेंज नसलेल्या गावाची कल्पनाच ज्यांना आली नाही, त्यांनी हे बनवलं होतं. मी टेबलावर हात आपटला.

मग दुसरी एक ओळ दिसली. तीही वारंवार. 'ड्रायव्हर सीटवर आहे. बेल्ट लावलेला आहे.' गाडी उभी. वेग शून्य. सलग सोळा तास, सतरा तास.

गाडीतून माणूस उठून गेला की हा कंप्युटर थोड्या वेळाने झोपतो. झोपला की लिहीत नाही. आमचा झोपतच नव्हता.

देवकी संध्याकाळच्या एसटीची वाट बघत ओट्यावर बसली होती.

"देवकी, पाड्यावर गाडी लावल्यावर आत कोण बसतं?"

"कोणी नाय."

"बेल्ट लावून बसतंय कोणीतरी. सतरा सतरा तास."

तिने तोंडाला पदर लावला. "वैशूबाय, ती नाचणी हाये."

"काय?"

"नाचणीचं पोतं. लाइट जाते ना आमची, दोन दोन दिस येत नाय. मग सगळ्यांचे मोबाइल गाडीला लावतो. पण माणूस उठलं की गाडी झोपते, चार्जिंग बंद. चंदरीआजी बोलली, माणूस पायजे तर माणूस बसवा. आमी पोतं बसवलं. गाडी ओरडाय लागली, मंग बेल्ट लावला."

"कधीपासून?"

"गाडी आली तवापासून. चांगली दळदार नाचणी हाये. बरोबर माणसाएवढं वजन."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसू शकले नाही. बाहेर डेपोच्या भिंतीवर माझं पत्रक होतं. तंतोतंत सूचनापुस्तिकेप्रमाणे. अधोरेखित.

खरं सांगायचं तर मनात आलं, गप्प बसावं. फाइल माझ्याकडे, चिप माझ्याकडे. कंपनीला कधी कळणार नव्हतं. पण त्यांच्या 'सिस्टीममध्ये दाखवत नाही'मध्ये आणि माझ्या गप्प बसण्यात मग फरक काय? काकांनी खळीचा डबा माझ्याकडे सरकवला.

पाड्यावर पोचल्यावर देवकीने चंदरीबाईला टेकडीवर बोलावून फोन जोडून दिला. मी सगळं सांगितलं. तुमचं पोतं पत्रकात येईल म्हटलं.

"लिव," ती म्हणाली. "माझं नाव बी लिव. चोरी नाय केली."

दुसरं पत्रक पहिल्यावरच डकवलं. 'मी चूक लिहिलं होतं,' अशी सुरुवात केली. नाचणीचं पोतं, बेल्ट, मोबाइल, सगळं लिहिलं. मग लिहिलं: 'पोतं आमचं. पण कोणी ऐकत नसताना मरेपर्यंत नोंदी करत बसायची सवय कंपनीची. झिजणारी चिप सुटी न बदलता येण्यासारखी बसवणं कंपनीचं. एसीला एक साधं बटण न देणं कंपनीचं. आम्ही आमचा वाटा कबूल केला. उरलेला कोणाचा?' हेही मेल केलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधल्या त्याच माणसाचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही स्वतःच मिसयूज कबूल केलात."

"केला. आता तुम्ही काय कबूल करता?"

त्याने पुन्हा एक्स्चेंजची स्कीम काढली. मी ती मध्येच तोडली.

"वॉरंटीचं लेखी कधी देता?"

"मी वर कळवतो," तो म्हणाला. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

त्याच दुपारी मी जुनी ओळख नव्या युनिटच्या मेमरीत उतरवली. नव्या युनिटची मेमरी कितीतरी मोठी. शिवाय नोंदींना मी मर्यादा घातली, म्हणजे रेंज नसली तर एकदा लिही आणि गप्प बस. युनिट जागेवर बसवलं. छोटी बॅटरी जोडली. देवकी ड्रायव्हरच्या सीटवर, शेजारी चंदरीबाई. ती मुद्दाम आली होती.

स्क्रीन काळीच राहिली. मी मनात आकडे मोजू लागले. चाळीस झाले. देवकी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मग उजेड आला. आधी कंपनीचं चिन्ह, मग गाडीचं चित्र, मग खाली कोपऱ्यात पंख्याची खूण. देवकीने बोट लावलं. जुनी स्क्रीन विचार करायची, ही लगेच ऐकत होती. जाळीतून हवा सुटली. चंदरीबाईने तिच्यासमोर पंजा धरला. बराच वेळ धरला.

"गार हाये," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आता पोतं नाय ठेवायचं काय?"

"नाही, आजी."

"मग मोबाइल?"

हा प्रश्न रास्त होता. काकांनी एक जुनी इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्त करून तिच्यावर मोबाइलच्या पिनांची पाटी बसवून दिली. लाइट असते तेव्हा ती भरून घ्यायची.

पुढच्या सकाळी देवकी काचा लावून नाशिकला गेली. दुपारी फोन आला. "वैशूबाय, गाडीत कायच वास नाय!" इतकं आनंदाने वास नसल्याचं कोणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. विहीर आटेपर्यंत एकही टोपली परत आली नाही. टेम्पोवाला आता दुसऱ्या एका पाड्याच्या वळणावर थांबतो. त्या पाड्याचं काय करायचं, ते देवकी बघते आहे.

कंपनीचं पत्र पावसाळ्याच्या तोंडाला आलं. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. स्क्रीनचं युनिट बाहेर बदललं तरी त्याने बॅटरीचं नुकसान झालेलं नसेल तर बॅटरीची वॉरंटी कायम राहील, असं त्यात होतं. चिपबद्दल, नोंदींबद्दल, बटणाबद्दल अवाक्षर नाही. मी ते लॅमिनेट करून दुकानात लावलं आहे. आता कोणीही 'लेखी देता येत नाही' म्हणालं की मी नुसतं बोट दाखवते.

जुनं युनिटही फळीवर आहे. त्याच्या काळ्या काचेवरचे हिरवे ठसे मी अजून पुसलेले नाहीत.

ते नाचणीचं पोतं दळून आणलं गेलं. पहिल्या भाकरी आमच्या दुकानात आल्या, मिरचीच्या ठेच्याबरोबर. काका म्हणाले, ड्रायव्हर चवीला चांगला आहे.

धडा एवढाच: पत्रक लिहिण्याआधी सीटवर कोण बसलंय ते बघावं. आणि बघून झालं की पत्रक लिहावंच.